मत्स्य आयुक्त रत्नागिरीत का बसू नयेत?

मुंबईला घरी फोन केला की हल्ली तिसऱ्या मुंबईचा विषय निघतोच. अटल सेतूच्या पलीकडे उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या 124 गावांच्या परिसरात नवं शहर, मग वाढवण बंदरापाशी चौथी मुंबई. दादाला हे पटतं. डोंबिवलीहून रोज लोकलला लोंबकळत जाणाऱ्या वहिनीला तर हवंच आहे. त्यांचा त्रास खरा आहे. पण राज्याचा पैसा आणि लक्ष पुन्हा याच पट्ट्यात ओतलं, तर रत्नागिरी-जालन्याच्या पोरांनी शिकून मुंबईचीच गाडी धरायची, हेही ठरून जातं.

मी राहते ते ऑस्ट्रेलियातलं जिलाँग शहर मेलबर्नपासून तासाभरावर आहे. फोर्डने 2016 मध्ये इथलं उत्पादन थांबवलं, तरी गाव ओस पडलं नाही. रस्ते अपघातातल्या जखमींना भरपाई देणारी सरकारी संस्था व्हिक्टोरिया राज्याने 2009 मध्येच मेलबर्नहून इथे हलवली होती. पुढे राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचं मुख्यालय आलं, 2018 मध्ये कामगार-सुरक्षेचंही. शाखा नव्हे, मुख्यालयं. सही करणारा साहेब गावातच राहू लागला की त्याला मुलांसाठी चांगली शाळा इथेच लागते, डॉक्टर इथेच लागतो. वकील, हिशेबनीस मागोमाग येतात.

नुसत्या घोषणेने मात्र काही होत नाही. ऑल्बरी-वोडोंगा या जोडशहरासाठी 1973 मध्ये तीन लाख वस्तीचं उद्दिष्ट ठेवलं होतं, 2000 सालापर्यंतचं. सरकार बदललं, पैसा आटला. आजही वस्ती लाखाच्या आसपासच आहे. शेती-रसायनांची नियामक संस्था कॅनबेराहून आर्मिडेलला नेली, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी नोकरीच सोडली. हे धडेही घेतलेच पाहिजेत.

आपल्याकडे उदाहरणं नाहीत असं नाही. महाबीजचं, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाचं, मुख्यालय 1976 पासून अकोल्यात आहे आणि बियाण्यांचा कारभार तिथून चालतो. कोल्हापूरच्या वकिलांनी चार दशकं लढून मिळवलेलं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं. सिंधुदुर्गातल्या माणसाला तारखेसाठी मुंबई गाठावी लागत होती, रात्रीचा प्रवास आणि लॉजचं भाडं सोसून. सहा जिल्ह्यांची ही ओढाताण आता कमी झाली. याचं मोल मला कुठल्याही उड्डाणपुलापेक्षा जास्त वाटतं.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. मत्स्यव्यवसाय आयुक्तालय मुंबईत आणि मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीच्या शिरगावात, हे कशासाठी? आयुक्तालय रत्नागिरीला न्या. जालन्यात बियाणं आहे, पोलाद आहे, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे, समृद्धी महामार्ग आहे. तिथेही एखादं राज्यस्तरीय कार्यालय जाऊ द्या.

दादा विचारतो, "जाणार कोण? वहिनीची नोकरी, मुलांची शाळा?" प्रश्न रास्त आहे. मुंबईत बस्तान बसलेल्यांना एका आदेशाने उचलू नये. नव्या नेमणुका आधी तिकडे कराव्यात, जुन्यांना चार-पाच वर्षांची मुदत द्यावी, आणि आयुक्तांची खुर्ची मात्र पहिल्याच दिवशी हलवावी.