युरोव्हिजनसाठी ब्रिटनचे गाणे निवडताना घ्यावयाची काळजी

समजा, बीबीसीने आपल्यावर विश्वास टाकून युरोपातील देशांच्या दरवर्षी होणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेसाठी ब्रिटनची प्रवेशिका निवडण्याचे काम आपल्याकडे सोपवले, तर सर्वप्रथम गाण्याचा विचार डोक्यातून काढून टाकावा. गाणे काय, मार्चपर्यंत कुठून ना कुठून मिळते. पराभवाचे कारण मात्र त्याच्या बरेच आधी तयार लागते, कारण अंतिम फेरीच्या रात्री गुण जाहीर होऊ लागले की नवे कारण शोधायला वेळ नसतो. अंगण वाकडे असल्याचे एकदा जाहीर करून ठेवले, म्हणजे नाचाची तालीम सावकाश करता येते.

या पदावरील व्यक्तीला थोडा इतिहास ठाऊक असावा, पण तो बेताने वापरावा. ब्रिटन १९५७ मध्ये या स्पर्धेत उतरले आणि पाच वेळा जिंकले: १९६७ मध्ये अनवाणी गाणाऱ्या सँडी शॉमुळे, १९६९ मध्ये लुलूमुळे (तेही चार देशांत विभागून), १९७६ मध्ये ब्रदरहूड ऑफ मॅन, १९८१ मध्ये बक्स फिझ आणि १९९७ मध्ये कॅटरिना अँड द वेव्ह्ज यांच्यामुळे. दुसरा क्रमांक तर सोळा वेळा आला. या काळात बहुतेक वर्षे प्रत्येक देशाला आपल्याच भाषेत गाण्याचे बंधन होते आणि इंग्रजीचा मक्ता ब्रिटन, आयर्लंड व माल्टा यांच्याकडेच होता. १९९९ पासून ते बंधन उठले आणि सगळा युरोप इंग्रजीत गाऊ लागला. हे कारण खरे असल्यामुळे त्याचा उल्लेख कटाक्षाने टाळावा. नाहीतर जुने विजय थोडे नियमानेही मिळवून दिले होते, असे कबूल करावे लागेल. सत्तरच्या दशकात ते बंधन काही वर्षे शिथिल होते, तेव्हा १९७४ मध्ये स्वीडनच्या आबा या गटाने ब्रायटनला येऊन, इंग्रजीत गाऊन, स्पर्धा जिंकली होती आणि ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यांना एकही गुण दिला नव्हता. संगीताची ही पारख आजही जपण्यासारखी आहे.

कारणांमध्ये सर्वांत टिकाऊ कारण राजकारणाचे. २००३ मध्ये रीगा येथे लिव्हरपूलच्या जेमिनी या जोडीला शून्य गुण मिळाले. ब्रिटनच्या वाट्याला आलेला तो पहिला भोपळा. गाणे सुरात लागले नव्हते, हे घरी बसून ऐकणाऱ्यालाही कळले होते, परंतु दोनच महिने आधी इराकवर स्वारी झालेली असल्यामुळे समालोचक टेरी वोगन यांनी युरोपच्या रोषाकडे बोट दाखवले आणि सुरांची चर्चा मागे पडली. मात्र त्याच रात्री इराकमध्ये स्वतःचे सैनिक पाठवणारा पोलंड सातवा आणि युद्धाचा पाठीराखा स्पेन आठवा आला होता, ही गोष्ट कोणी काढलीच, तर विषय तत्काळ शेजाऱ्यांच्या मतदानाकडे वळवावा. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा, म्हणजे सर्वाधिक, गुण देतात, हे वाक्य अशा वेळी फार कामाला येते आणि ते बव्हंशी खरेही आहे. २००७ मध्ये हेलसिंकीला विमानसेवकांच्या वेशात गाणाऱ्या स्कूच या ब्रिटिश चमूला जे एकूण १९ गुण मिळाले, त्यांतले १२ माल्टाने आणि ७ आयर्लंडने दिलेले होते, याचा उच्चार करण्याचे मात्र कारण नाही.

गायक निवडताना दोनच प्रकार डोळ्यांसमोर ठेवावेत: ज्याला अद्याप कोणी ओळखत नाही तो आणि ज्याला ओळखणारे आता आजी-आजोबा झाले आहेत तो. दुसऱ्या प्रकारात आपल्याला थोडा अभिमान वाटेल असे उदाहरण आहे. २०१२ मध्ये बाकूला पाठवलेले एंगलबर्ट हम्परडिंक हे मद्रासेत जन्मलेले, तेव्हा वय ७६. त्यांनी स्पर्धेत सर्वांत आधी गाणे म्हटले आणि १२ गुण मिळवून २६ जणांत पंचविसावे स्थान घेतले. वयाला दोष देण्याची सोय होती, पण रशियाने त्याच वर्षी खेड्यातल्या उदमुर्त जमातीच्या आज्यांचा एक मेळाच पाठवला. त्यांनी रंगमंचावर भट्टी मांडून पाव भाजले, आपल्या बोलीत गायल्या आणि दुसऱ्या आल्या. असा अपशकुन करणारे परदेशी लोक प्रत्येक स्पर्धेत असतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

आता गाणे निवडणे अगदीच टळत नसेल, तर गुणांची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण शून्य ही चैन तिच्याविना परवडत नाही. प्रत्येक देशाचे परीक्षक आणि प्रत्येक देशाचे प्रेक्षक वेगवेगळे मतदान करतात आणि दोहोंच्या यादीत केवळ पहिल्या दहा गाण्यांना गुण मिळतात. म्हणजे जे गाणे सगळ्या युरोपला तेराव्या-चौदाव्या क्रमांकाचे वाटते, त्याच्याबद्दल कोणाचीही तक्रार नसते आणि त्याला प्रेक्षकांकडून गुणही मिळत नाहीत. तेव्हा शब्द, चाल, वाद्यमेळ हे सारे असे घासूनपुसून घ्यावे की कोणाला काही खटकता कामा नये. फिनलंडने याच्या नेमके उलट केले. १९६१ पासून हात हलवत परतणाऱ्या त्या देशाने २००६ मध्ये अथेन्सला शिंगे-सुळे लावलेला लॉर्डी हा रॉक वाद्यवृंद पाठवला. निम्म्या घरांनी नाक मुरडले असेल, पण बाकीच्या निम्म्यांनी फोन उचलला आणि फिनलंड जिंकले. आपल्याकडून असा उतावळेपणा होता कामा नये. ब्रिटनने अलीकडे या बाबतीत सातत्य राखले आहे: २०२४ मध्ये ऑली अलेक्झांडर यांना आणि २०२५ मध्ये रिमेंबर मंडे या त्रयीला परीक्षकांनी अनुक्रमे ४६ आणि ८८ गुण दिले, तर प्रेक्षकांनी दोन्ही वेळा शून्य.

दोन्हीकडून शून्य मिळवण्याचा मान मात्र २०२१ मध्ये रॉटरडॅमला जेम्स न्यूमन यांनी पटकावला. निकालावर ते हातातला पेला उंचावून उभे राहिले आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. गाण्याला मिळाला नाही तेवढा प्रतिसाद त्यांच्या खिलाडूपणाला मिळाला. मायदेशी अर्थातच ब्रेक्झिटचे कारण तयार होते. जोडीला, अधिक वर्गणी भरणाऱ्या, ब्रिटनसह पाच देशांना तेव्हा उपांत्य फेरी न खेळता थेट प्रवेश मिळत असे म्हणून इतर लोक त्यांच्यावर खार खात, असेही सांगता येते. त्या रात्री पहिला आलेला इटली आणि दुसरा आलेला फ्रान्स हे त्याच पाचांतले, हा दुर्दैवी योगायोग समजावा.

सर्वांत मोठा धोका यशाचा आहे आणि तो एकदा ओढवला. २०२२ मध्ये कोणाच्या तरी निष्काळजीपणामुळे खरोखर गाता येणारा आणि समाजमाध्यमांवर लाखो श्रोते असलेला सॅम रायडर हा गायक एक चांगले गाणे घेऊन टुरीनला जाऊन पोहोचला. परीक्षकांच्या यादीत तो पहिला आला आणि एकूण ४६६ गुणांसह युक्रेनच्या पाठोपाठ दुसरा. ब्रेक्झिट झालेले, थेट प्रवेश कायम, शेजारी तेच. त्यामुळे वर्षानुवर्षे सांभाळलेली सगळी कारणे एका रात्रीत उघडी पडली. सुदैवाने डाव लगेच सावरता आला. युद्धामुळे युक्रेनऐवजी यजमानपद मिळालेल्या लिव्हरपूलमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, पुढच्याच वर्षी ब्रिटन पंचविसावे आले.

राहता राहिले मतदान. आपण ब्रिटनमधल्या स्लाउ किंवा हॅरो येथे राहत असाल, तर आपल्याला ब्रिटनला मत देता येणार नाही, कारण स्वतःच्या देशाला मत देण्यास मनाई आहे. २०२३ पासून मात्र स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या प्रेक्षकांना पैसे भरून ऑनलाइन मत देण्याची सोय झाली आहे, आणि जगभरातल्या अशा सगळ्या मतांचे मिळून वजन एकट्या सॅन मरिनो या चिमुकल्या देशाइतके धरले जाते. तेव्हा सांगलीच्या मावशीला वेळेवर फोन करून, मध्यरात्रीनंतर जागे राहण्याची गळ घालून, ब्रिटनच्या पारड्यात एक मत टाकायला सांगावे. फक्त मत देऊन होईपर्यंत तिला गाणे ऐकवू नये.