चुना नेमका कुणी कुणाला लावला?

गेल्या आठवड्यात चोपड्याला फुईकडे गेलो, तेव्हा तिच्या उशाशी दुधाचा पेला तसाच होता आणि वर साय धरून सुकली होती. पडल्यामुळे खुबा मोडला, म्हणून अडीच महिन्यांपूर्वी तिला सिमेंटविना बसणारा कृत्रिम सांधा बसवला आहे. "माले नको दूध, भाऊ," एवढे म्हणून तिने मोबाइल पुढे केला. भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मजकूर असा होता: धातूच्या सांध्यावर डॉक्टर चुन्याचा लेप देतात, तो रक्तात उतरून मुतखडा करतो, म्हणून अशा रुग्णांनी दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या बंद कराव्यात, लेप केवळ बिल फुगवण्यासाठी असतो, आणि काही वर्षांत तो झडून सांधा ढिला पडतो. कॅल्शियमच्या तीन पट्ट्या फडताळात न फोडता पडलेल्या सापडल्या.

लेप चुन्याचा नसतो. पानाला लावतो तो चुना म्हणजे तोंड भाजणारा दाहक क्षार, तर सांध्यावर असते ते हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खनिज. आपल्या हाडांतले आणि दातांतले खनिज याच जातीचे आहे. (हा मजकूर पुढे ढकलणारा आमचा चुलतभाऊ दिवसातून पाच वेळा तंबाखूत खरा चुना मळतो, पण त्याला मुतखड्याची भीती वाटत नाही.)

आता मुतखडा. लेप सढळ हाताने ०.१ मिलीमीटर जाड आणि १०० चौरस सेंटीमीटरवर पसरलेला धरला, तरी तो एक घनसेंटीमीटर, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम भरतो. त्यातले कॅल्शियम सव्वा ग्रॅमच्या आसपास, जवळपास एक लिटर दुधात असते तितके. प्रौढ माणसाच्या अंगात मुळातच सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यापुढे वर्षानुवर्षे कणाकणाने विरघळणाऱ्या या सव्वा ग्रॅमने मूत्रपिंडात खडे होतील, हे म्हणणे हिशेबाच्या पहिल्याच पायरीवर कोसळते.

दूध बंद करण्याचा सल्ला तर उलटाच आहे. गॅरी करहॅन आणि सहकाऱ्यांनी ४५,६१९ पुरुषांची पाहणी करून १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवले, की आहारातून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांना मुतखडा कमी होतो, कारण ते खडे बनवणाऱ्या, अन्नातल्या ऑक्सलेटला आतड्यातच बांधून ठेवते. याच गटाच्या १९९७ सालच्या स्त्रियांवरील अभ्यासात आहारातल्या कॅल्शियमबाबत तेच दिसले. गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत मात्र धोका थोडा वाढलेला आढळला, म्हणून गोळ्या डॉक्टरांना विचारून, शक्यतो जेवणासोबत घ्याव्यात. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, घाम वाहतो आणि माणूस पाणी मात्र बेताने पितो. खानदेशात मुतखड्याचे कारण शोधायचेच असेल, तर ते सांध्याऐवजी माठापाशी शोधावे. सत्तरीतली, खुबा मोडलेली बाई दुधावाचून ठेवणे हे तिच्या उरल्यासुरल्या हाडांशी वैर आहे.

बिलाच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. लंडनमध्ये रोनाल्ड फरलाँग यांनी १९८५ साली असा लेप दिलेला सांधा पहिल्यांदा बसवला, तो नवे हाड धातूला लवकर आणि घट्ट धरावे यासाठी.

सांधा ढिला पडण्याच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. लेप विरघळतो आणि नीट चिकटला नसेल तर सुटूही शकतो. स्वीडनच्या सांधेरोपण नोंदींवरून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेप असलेल्या वाट्यांना, म्हणजे सांध्याच्या कमरेच्या हाडात बसणाऱ्या भागाला, पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा धोका अधिक दिसला. मांडीच्या हाडात जाणाऱ्या एका प्रकारच्या दांड्याबाबत मात्र लेपाने फायदाही दिसला नाही की तोटाही. तेव्हा लेपाने सांधा जन्मभर टिकतोच, असे कुणी सांगत असेल तर तेही खरे नाही. पण पाऊल टाकताना मांडीत किंवा जांघेत नव्याने दुखू लागले, तर एक्स-रे काढून शल्यचिकित्सकांना दाखवायचा असतो. फुईने पेला बाजूला सारून त्या सांध्याचे काहीच भले होणार नव्हते. परवा फोनवर सांगत होती, सायीसकट प्यायले म्हणून.