झालं का त्यांचं?

आमचे वडील रोज रात्री आतल्या खोलीतून एकच प्रश्न विचारतात, "झालं का त्यांचं?" नवख्या माणसाला वाटेल, न्हाणीघर कोणीतरी अडवून बसलंय. पण अप्पांची चौकशी 'ठरलं तर मग'मधल्या अर्जुन आणि सायलीबद्दल असते. अप्पा मालिका बघत नाहीत. ते आतून ऐकतात. मीही बघत नाही. मी त्या वेळेला हॉलमध्ये पेपर वाचतो. सकाळचा पेपर रात्री, आणि तोही ब्रेक संपल्यावरच का उघडतो, असं बायको विचारते. मी उत्तर देत नाही, कारण तेवढ्यात एखादं वाक्य निसटायचं.

ज्यांनी खरोखरच पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अर्जुन वकील. सायली आश्रमात वाढलेली. तिला आश्रम चालवणाऱ्या मधुभाऊंना तुरुंगातून सोडवायचंय, त्याला घरच्यांचा लग्नाचा लकडा चुकवायचाय. म्हणून दोघांनी कराराने लग्न केलं. करारात प्रेमाचं कलम नव्हतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे आईला पंधरा दिवसांत कळलं, कामवाल्या मावशींना महिन्यात, आणि आमच्या शेजारच्या चार वर्षांच्या पोरालाही कळलं. कळलं नाही ते फक्त त्या दोघांना. हा गडी कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांकडून खरं वदवून घेतो आणि घरी आला की त्याची दातखीळ बसते. मालिका सुरू झाली २०२२च्या डिसेंबरात. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. माझ्या मुलीची दहावी झाली, अप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आमच्या जिन्याला रंग लागला. त्यांचं काही होईना.

एकूणच मालिकांत मनातलं सांगायला निघालेल्या माणसासारखा अभागी प्राणी नाही. तो "मला तुला काहीतरी सांगायचंय" म्हणाला की दाराची घंटा वाजलीच. घंटा नाही वाजली तर फोन वाजतो. काहीच नाही वाजलं तर तो सगळं सांगून टाकतो आणि कॅमेरा फिरून दाखवतो की तिला झोप लागलीय. पण सगळ्यात वाईट म्हणजे स्वप्न. आठवडाभर प्रोमो दाखवायचा, दोघं हातात हात घेऊन उभे, वरून पाकळ्या, आणि प्रत्यक्ष भागात तो दचकून जागा होतो. यासाठी ग्राहक न्यायालयात जाता यायला हवं. मुलगी म्हणते, कोरियन मालिकांत सोळा भागांत सगळं उरकतं. आई म्हणाली, "सोळा भागांत आपल्याकडे हळद पण वाळत नाही."

आईचा अनुभव दांडगा आहे. २०१२ साली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मधल्या घना-राधाचं खोटं लग्न खरं व्हावं म्हणून तिने मनातल्या मनात किती देव पाण्यात ठेवले, तिलाच ठाऊक. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या श्री-जान्हवीचं लग्न झालं तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढे जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की त्यावरचे विनोद सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर पोचले. आईने मात्र एकालाही हसून दाद दिली नाही. "पहिलटकरीण आहे, होतं असं," म्हणाली.

खरा घाव बसला तो 'तुला पाहते रे'मध्ये. २०१९च्या जानेवारीत विक्रांत सरंजामे आणि ईशाचं लग्न लागलं. वयातलं अंतर बघून आई आधी नाराज होती, पण मुलगा सुबोध भावे म्हटल्यावर तिने होकार दिला. त्या रविवारी आमच्याकडे श्रीखंड होतं. आणि पुढे निघालं काय, तर हा विक्रांत खलनायक, पहिल्या बायकोचा जीव घेणारा. आई दोन दिवस नीट जेवली नाही. "श्रीखंड करण्याआधी चौकशी करायला हवी होती," एवढंच पुटपुटली. त्यानंतर कुठल्याच टीव्हीवरच्या लग्नाला तिने गोड केलेलं नाही. फार तर शिरा, तोही नंतर.

तर एकदाचा तो दिवस उजाडला. अर्जुन आज बोलणार, असं आठवडाभर दाखवत होते. स्वप्नाचा धोका होताच, पण प्रोमोत पाकळ्या नव्हत्या. त्यामुळे मुलीच्या मते प्रकरण खरं होतं. बायकोने कुकर सातलाच लावला, शिट्ट्यांचा व्यत्यय नको म्हणून. मी पेपर घेऊन बसलो. अप्पांनी आतून खुर्ची दाराजवळ ओढल्याचा आवाज आला.

शीर्षकगीत संपलं आणि घंटा वाजली. आमच्या दाराची.

तळमजल्यावरचे काका. हातात पत्रिकांचा गठ्ठा, अक्षतांची डबी. मुलाचं लग्न ठरलं होतं. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत. काका आत आले आणि नेमके टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले. शिष्टाचार म्हणून टीव्हीचा आवाज बंद करावा लागला. काकांच्या डाव्या कानाशेजारी अर्जुनाचा अर्धा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते.

काका सांगत होते. कार्यालय कसं मिळालं, केटरर ताटाला किती मागतो, मुलीकडचे कऱ्हाडचे. आई मान डोलवत होती, पण डोळे काकांच्या कानावर. मलाही काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "मग दोघांनी एकमेकांना सांगितलं का?"

"कोणी?"

"नाही, म्हणजे... मुलाने. मुलीला."

"आम्ही ठरवलंय," काका जरा घुश्शात म्हणाले. "त्यांनी कशाला सांगायचं?"

आतून अप्पा खोकले. तो खोकला मी ओळखतो, त्याचा अर्थ 'आवाज वाढवा' असा होतो. मुलगी हळूच म्हणाली, "आजी, ॲपवर बघू नंतर." आईने तिच्याकडे असं पाहिलं जणू तिने सणाच्या दिवशी शिळी पोळी वाढली होती. बायको चहा करायला उठली आणि पाठ न वळवता, तोंड टीव्हीकडे ठेवून, स्वयंपाकघरात उलटी चालत गेली.

मग काकांचा फोन वाजला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. पलीकडून काकूंचा आवाज घरभर घुमला, "अहो, कुठे आहात? सांगितलं हो त्याने! तीसुद्धा हो म्हणाली!"

बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळलेल्यांना नर्सने येऊन सांगावं, तसं झालं. आईने दोन्ही हात जोडले. मुलगी किंचाळली. अप्पा तीन वर्षांत पहिल्यांदा हॉलमध्ये आले आणि म्हणाले, "झालं?" काकांना वाटलं, सगळे त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी एवढे हरखलेत. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "शेजार असावा तर असा." अजूनही जिन्यात भेटले की हात हातात घेतात.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला सगळे वेळेवर जमलो. अर्जुन-सायली एकमेकांकडे बघून हसले. मग पुन्हा हसले. त्याने तिच्यासाठी चहा आणला, तिने तो प्यायला. घंटा वाजली नाही, फोन आला नाही. दहा मिनिटांत आईला जांभई आली. मुलगी मोबाइलमध्ये गेली. मी चक्क पेपर वाचला, अग्रलेखासकट.

"छान झालं हो त्यांचं," आई म्हणाली आणि रिमोट उचलला. दोन-तीन चॅनल पुढे गेली आणि थबकली. भाजीबाजारात एक मुलगी एका मुलावर ओरडत होती. त्याच्या गाडीने तिची टोमॅटोची पिशवी चिरडली होती. दोघं एकमेकांना वाट्टेल ते बोलत होते.

आईने उशी पाठीला नीट लावून घेतली. "हे दोघं बघ. यांचं जमणार."

आतून आवाज आला, "किती लागतील?"

मी वाकून पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. भाग पहिला.