पन्नाशीतल्या बाईला सल्ला कसा द्यावा

पन्नाशीतली जाड बाई दिसली की सल्ला द्यावासा वाटतो ना? वाटणारच. पण द्यायचा तर रीतसर द्यावा. गेल्या गुरुवारी ठाण्यात नौपाड्यातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर माझं जे शिक्षण झालं, ते तुमच्याही कामी येईल.

आवाज चढाच हवा. दुकानातल्या पोराने माझी चिठ्ठी वाचली आणि आतल्या पोराला ओरडून विचारलं, "ते वजनाचं इंजेक्शन आहे का रे फ्रीजमध्ये?" रांगेत सात माणसं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या काकांनी आधी माझं पोट नीट बघून घेतलं, मग मान खाली घातली.

"आमच्या आईने कुठे घेतली असली इंजेक्शनं?" हे वाक्य पाठच करा.

पाळीबद्दल मात्र चुकूनही विचारू नका. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरलं की मांड्यांवरची चरबी पोटावर येऊन बसते, स्नायू झडतात, रात्री अडीचला घामाने उशी भिजते. हे कळलं तर "भात सोड आणि तलावपाळीला चार फेऱ्या मार" असं कुठल्या तोंडाने म्हणाल? मी सोडला होता भात. आठ महिने. फेऱ्याही मारल्या. वजन अडीच किलोने वाढलं. (गुडघा गेला तो वेगळाच.)

मग 'शॉर्टकट' म्हणा. दर आठवड्याला पोटात सुई, दोन पोळ्यांनंतर मळमळ, चार-चार दिवस पोट साफ नाही. शॉर्टकटच तो.

आणि मुख्य म्हणजे चिठ्ठी असेल तिला लाजवा, नसेल तिला औषध द्या. माझ्या मागे आमच्या सोसायटीतल्या वहिनी उभ्या होत्या. वय सेहेचाळीस. "डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, मलापण दे रे एक." दिलं की त्याने! वर हा पदवीधर सांगतो, "मॅडम, पाचचं न्या, अडीचने काही होत नाही." अरे, टर्झेपटाइड, म्हणजे हेच वजनाचं इंजेक्शन, सुरू करायचं तेच अडीच मिलिग्रॅमने, निदान चार आठवडे, शरीराला सवय व्हावी म्हणून! घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, कोण विचारणार? वहिनींची पाळी दोन-दोन महिने गायब असते आणि त्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात. या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं, गोळी पुरती लागू पडेलच असं नाही. म्हणून सुरुवातीला आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमसारखी दुसरी काळजी घ्यायची असते. सलग बारा महिने पाळी आली नाही तरच तो मेनोपॉज, तोवर दिवस राहू शकतात. मुलीच्या लग्नात आई गरोदर, हे चालेल का तुमच्या शॉर्टकटला?

बास झाली थट्टा. मी हे इंजेक्शन शौक म्हणून घेत नाही. साखर वाढली होती, बीपी होतं. डॉक्टरीणबाईंनी पाळीपासून आईच्या मोडलेल्या खुब्यापर्यंत सगळं विचारलं, हाडांची तपासणी करून घेतली. चरबीबरोबर स्नायूही जातात म्हणून डंबेल उचलायला लावले, रोज अंडी नाहीतर पनीर खायला लावलं. औषध बंद केलं की वजन परत येतं, हेही पहिल्याच दिवशी सांगितलं. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीत ते बंद केल्यावर उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं होतं. लग्नाच्या फोटोपुरतं घ्यायचं औषध नव्हे हे! बीपीची गोळी घेणाऱ्या काकांना कुणी शॉर्टकट म्हणतं का? मग माझ्याच पोटावर तुमची सभा कशाला?

वहिनी, ते इंजेक्शन अजून फ्रीजमध्ये असेल तर हात लावू नका. सोमवारी साडेदहाला खाली या, माझ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. रिक्षाचे पैसे मी देते. आणि मेडिकलवाल्या पोरा, आधी चिठ्ठी माग आणि आवाज खाली ठेव.