पंचगंगेला विचारून घेतलेला सर्व्हर

शाहूपुरीतील आमच्या कार्यालयात आठ माणसे बसतात आणि शिरोली एमआयडीसीतील शेडमध्ये आम्ही फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशीनिंग करतो. टॅलीचा डेटा, ग्राहकांची ड्रॉइंग आणि तपासणीचे अहवाल एका जागी असावेत, म्हणजे पंपाच्या केसिंगचे ‘रिव्हिजन सी’ नेमके कोणाच्या संगणकात आहे हे विचारण्यासाठी रजेवरच्या माणसाला मेहुणीच्या हळदीतून बाहेर बोलवावे लागू नये, इतकीच आमची माफक गरज होती. ती मी एका ओळीत लिहून आबांपुढे, म्हणजे आमच्या मालकांपुढे, ठेवली. त्या एका ओळीचे पुढे जे काही झाले ते पाहता, अजूनही पेनड्राइव्ह खिशात घालून कारभार हाकणाऱ्या कार्यालयांविषयी मला मनापासून आदर वाटू लागला आहे.

कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉल या विषयांवर मत नसलेला माणूस सापडणे अवघड. सर्व्हर हा तिसरा विषय निघेल असे मला वाटले नव्हते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आबांच्या पुतण्याने फोनवरून रॅक सर्व्हर, त्यावर व्हर्च्युअल मशीन आणि फायरवॉल असा बेत सांगितला. आमची आठ माणसे त्याने आठ हजार ऐकली असावीत. टॅली बसवून देणाऱ्या गृहस्थांच्या मते कोपऱ्यातला एखादा जुना संगणक चोवीस तास चालू ठेवला की झाला सर्व्हर. विक्रेत्यांची कोटेशने आली ती निराळीच. एकात जीएसटी धरलेला, दुसऱ्यात वगळलेला, आणि तिसऱ्यात किंमत सर्वांत कमी, मात्र हार्ड डिस्क वेगळी घ्यायची. तिन्ही कोटेशनांत प्रोसेसरच्या गिगाहर्ट्‌झचा आकडा ठळक अक्षरांत होता. यंत्र ठेवणार कोठे, हा प्रश्न एकाही विक्रेत्याने विचारला नव्हता.

रॅकच्या माहितीपत्रकातील एकच गोष्ट आबांना पटली. रॅकमधील एका खणाची, म्हणजे ‘एक यू’ची, उंची ४४.४५ मिलिमीटर आणि रॅकच्या पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, असे त्यात छापले होते. आयुष्य मायक्रॉनमध्ये काढलेला माणूस दशांशानंतरचे दोन अंक पाहून खुलला. विक्रेत्याच्या दुकानात आबांनी खिशातून व्हर्निअर काढला, नमुन्याच्या यंत्राची उंची मोजली, ती ४४.४५ पेक्षा थोडी कमी भरली आणि त्यांनी मान डोलावली. ‘‘क्लिअरन्स ठेवलाय. करणारा माणूस कामाचा हाय.’’ दुकानदाराने खूश होऊन यंत्र सुरू केले आणि सौदा तिथेच फिसकटला. एवढ्या चपट्या पेटीत ४० मिलिमीटरचेच पंखे बसतात आणि तेवढ्या पंख्यांनी पुरेशी हवा ओढायची तर ते मिनिटाला कित्येक हजार फेऱ्यांनी फिरवावे लागतात. व्यास कमी तर फेरे जास्त, हे गणित आबांना नवीन नव्हते. पण तो आवाज टेबलाशेजारी दिवसभर ऐकायचा, हे त्यांना मान्य नव्हते. ‘‘शेडमधला ग्राइंडर ह्याच्यापरास गरीब,’’ एवढे बोलून ते पायऱ्या उतरले.

मग उभ्या ठेवायच्या शांत सर्व्हरची पाळी आली आणि तिथे लायसन्स आडवे आले. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचे लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्याच्या आत हिशेब करणाऱ्या भागांच्या संख्येवर, मोजतात आणि एका सर्व्हरसाठी किमान १६ कोअरचे घ्यावे लागते, मग यंत्रात चारच कोअर का असेनात. शिवाय त्या सर्व्हरला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक उपकरणासाठी आणखी एक परवाना. विक्रेत्याने हे समजावून सांगेपर्यंत चहा दोनदा आला.

‘‘पाव्हणं, कोअर किती?’’

‘‘चार, आबा.’’

‘‘आन् पैसं?’’

‘‘सोळाचे.’’

‘‘मग उरलेली बारा पोत्यात घालून द्या की. तोडगा काढू कायतरी.’’

लिनक्स घ्या, त्याला पैसेच पडत नाहीत, असे मी सुचवले. लिनस टोरवाल्ड्‌झने १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज जगातील असंख्य सर्व्हर चालवते आणि अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ मध्ये आणलेल्या सांबा नावाच्या सॉफ्टवेअरमुळे विंडोजच्या संगणकांना तिच्यावरचे फोल्डर आपले घरचेच वाटतात, हे मी बऱ्यापैकी तयारी करून सांगितले. आबांनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘‘फुकट हाय ते खरं, पण बिघडल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या?’’ या प्रश्नाला हिंजवडीकडेही उत्तर नव्हते. अखेर नॅस नावाची, नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवणारी, दोन हार्ड डिस्कची पेटी पुढे आली. तिच्या पोटात लिनक्स आणि सांबाच असतात. वरून कंपनीचे नाव, वॉरंटी आणि किंमत एवढेच काय ते जास्त. तेच फुकटचे सॉफ्टवेअर पैसे मोजून मिळू लागताच आबांना विश्वासार्ह वाटले. मला यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. छोट्या कार्यालयात संगणकाचा स्वतंत्र माणूस नसतो आणि रात्री नऊ वाजता फोन उचलणारा कोणीतरी विकत घ्यावाच लागतो.

स्विचचा विषय लवकर मिटला. विक्रेत्याने भविष्याचा विचार करून अठ्ठेचाळीस पोर्टचा स्विच लिहिला होता. आबांनी, एवढी भरती आपण करणार असल्यास आधी मला कळवा, असे सांगून सोळावर आणला. वायफायवर काम भागेल ही आशा इमारतीच्या जुन्या दगडी भिंतींनी संपवली, कारण पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण जाड भिंत आडवी आली की लगेच दम टाकतात. म्हणून कॅट सिक्सची केबल, तीही उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाइपातून.

आता जागा. शिरोलीच्या शेडमध्ये बिडाची काळी धूळ हवेत असते; तेथील एका संगणकाचा पंखा उघडला तेव्हा पात्यांवर बोटभर काजळी निघाली होती आणि ती चुंबकाला चिकटत होती. वेल्डिंग सुरू झाले की दिवे मिचमिचतात, ते वेगळेच. शेडमध्ये स्वच्छ आणि थंड अशी एकच खोली आहे, ती तपासणीची. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असल्याने तिथे एसी अखंड चालतो, आणि सर्व्हरला याहून चांगली जागा सापडली नसती. तपासनिसांनी मात्र दारातच अडवले. ही पेटी रात्रंदिवस उष्णता सोडणार, ३०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा एका अंशाला सुमारे साडेतीन मायक्रॉन वाढतो, आणि मग रिजेक्शन आले तर ते सर्व्हरच्या नावावर टाकायचे का, असा त्यांचा सवाल होता. आबांनी निकाल तपासनिसांच्या बाजूने दिला.

राहिली शाहूपुरी. विक्रेत्याच्या माणसाने येऊन, खाली खिडकीजवळ गुडघाभर उंचीवर छान बसेल, असे सांगितले. तो नवखा होता. आबांनी काही न बोलता भिंतीवरची रेघ दाखवली. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली तेव्हाचे ते पाणी. नंतर दोनदा रंगकाम झाले, पण तेवढी पट्टी त्यांनी मुद्दाम राखून ठेवली आहे. बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात, आणि माझ्या मते इथल्या प्रत्येक कोटेशनमध्ये गिगाहर्ट्‌झच्या आधी तेच छापले पाहिजेत. पेटी माळ्यावर जाईल असे ठरले. यूपीएसही माळ्यावरच, कारण पेटी कोरडी आणि बॅटरी पाण्यात, असा प्रकार शेजारच्या इमारतीत होऊन गेलेला आहे.

दोन हार्ड डिस्कवर एकच माहिती लिहिली जाते, मग बॅकअप कशाला, असे विक्रेत्याचे म्हणणे पडले. ते खोटे आहे. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालवते, हे खरे. पण एखाद्याने चुकून फोल्डर पुसले, तर ते दोन्हींवरून तितक्याच तत्परतेने पुसले जाते. जाणकार सांगतात की तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या जागी असावी. दुसरी जागा म्हणून मी शिरोली सुचवली, तर महापुरात हायवे नेमका शिरोलीजवळच बंद होतो, तेव्हा ती प्रत आणायची होडीने का, असे विचारले गेले. म्हणून क्लाउड.

‘‘ते असतंय कुठं?’’ आबा.

‘‘मुंबईत डेटा सेंटर आहे.’’

‘‘२६ जुलै विसरला व्हय?’’

‘‘पुण्यातही आहे.’’

‘‘नको. आपल्या बॅलन्सशीटवर तिथं चार जण मतं देतील.’’

अखेर डेटा कुलूपबंद करूनच वर जातो आणि किल्ली आपल्याकडेच राहते, यावर मुंबई मंजूर झाली. मात्र आमची ४०० जीबी ड्रॉइंग १० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायची तर सलग पावणेचार दिवस लागतील, असा हिशेब मी मांडला. आबांनी चष्मा काढला.

‘‘गाडीनं नेऊन दिलं तर?’’

‘‘आठ तास.’’

‘‘मग तसंच करू. पण जूनच्या आत. नंतर हायवेचा भरवसा न्हाई.’’