ऐतिहासिक पिक्चर काढताय? मग इतिहासाला जरा लांबच बसवा

तर तुमच्याकडे शंभरेक कोटी आलेत (कुठून आले ते मी विचारत नाही, तुम्हीही उगाच सांगत बसू नका) आणि तुम्हाला ऐतिहासिक पिक्चर काढायचाय, त्यात लढाई पण पाहिजे आणि प्रेम पण पाहिजे. उत्तम. सरळ पानिपत घ्या. २०१९ साली आशुतोष गोवारीकरांनी घेऊन झालंय म्हणून बिचकू नका, पानिपतावर लढायासुद्धा तीन झाल्या, पिक्चर एकच कसा पुरेल.

आधी सेट लावा, स्क्रिप्टचं नंतर बघू. शनिवारवाडा पाहिजेच. त्यात एक मोठी सोय अशी की १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला, उरला तट आणि जोती, त्यामुळे तुम्ही आत काहीही उभं केलंत तरी खरा वाडा येऊन तक्रार करणार नाही. झुंबरं लावा, आरसे लावा, मजल्यावर मजले चढवा. मूळ वाड्याला खर्च आला होता म्हणे १६,११० रुपये. तुमच्या एका झुंबराचा जीएसटी त्याहून जास्त निघेल, पण पेशव्यांना कुठे मल्टिप्लेक्समध्ये तिकिटं विकायची होती.

आता हिरो. इथे पहिली अडचण येते. पानिपतच्या तिसऱ्या लढाईतला मराठ्यांचा सेनापती, नानासाहेब पेशव्यांचा चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ म्हणजे मूळचा कारभारी माणूस, हिशेब, वसुली, फडावरची कागदपत्रं यात मुरलेला, वय तिशीचं, आणि वर बिजवर. उमाबाई वारल्यावर पार्वतीबाईंशी लग्न झालं. हे सगळं गाळा. हिरोचं प्रेम पहिलंच असलं पाहिजे आणि हिरोने पहिल्या सीनमध्ये वह्या तपासणं तर अजिबातच चालणार नाही, त्याने उघड्या अंगाने तलवार फिरवली पाहिजे, घाम आलेला पाहिजे, घामावर बॅकलाइट पाहिजे. मग एखादी जखम द्या, बेताची, चेहऱ्याला धक्का न लावणारी, आणि हिरॉईनला लेप लावायला बसवा. लेप लावताना एक बट डोळ्यावर आली की गाणं. अठराव्या शतकातली लग्नं वडीलधारी माणसं ठरवायची आणि नवरीचं वय ऐकलं तर आज पोलीस येतील, पण ते दाखवायला तुम्ही काय समाजशास्त्राचा पेपर लिहिताय?

गाण्याचं म्हणाल तर घाबरू नका. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’मध्ये काशीबाई आणि मस्तानी दोघींना पिंग्यावर एकत्र नाचवलं, वंशजांनी आक्षेप घेतले, टीव्हीवर चर्चा झाल्या, आणि पिक्चर जोरात चालला. बाजीरावालाही नाचवलं. नाचवणार नाही तर काय करणार? १७२८ ला पालखेडला त्याने निजामाला असा काही कोंडला, पाण्यावाचून, दाण्यावाचून, की मोठी लढाई न होताच निजाम तहाला आला, आता तुम्हीच सांगा, ज्या लढाईत लढाईच नाही तिचा क्लायमॅक्स कसा करायचा? घोडा दौडतोय, दौडतोय, अजून दौडतोय, प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला गेला.

व्हिलन सोपा असतो. डोळ्यात सुरमा, दाढी, अंधार, हातात मटणाची तंगडी. समोरचा अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली पश्तूत कविता करायचा, पण कविता करणारा व्हिलन म्हटल्यावर पब्लिकला कळायचं नाही टाळ्या कुठे वाजवायच्या.

मधला भाग मात्र जपून, कारण खरी गोष्ट तिथे आहे आणि ती भलतीच अनसिनेमॅटिक आहे. म्हणजे बघा, ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी पानिपतच्या उत्तरेचं कुंजपुरा घेतलं, दाणागोटा मिळाला, खुशीत होते, आणि तेवढ्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीच्या वाटेवर जाऊन बसला. त्यामुळे झालं काय, की मराठ्यांची तोंडं दक्षिणेला आणि अफगाणांची उत्तरेला, दोघंही एकमेकांच्या घरच्या रस्त्यावर. अडीच महिने असे बसले. सोबत बुणगे, बाजार, यात्रेकरू, बायकामुलं, आणि रोज संध्याकाळी प्रश्न एकच, उद्या खायचं काय. खजिना तर आधीपासूनच कोरडा, दिल्लीत असताना भाऊने दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून रुपये पाडले होते. गोविंदपंत बुंदेले पैसे आणि रसद जमवत होते, डिसेंबरात तेच मारले गेले. भाऊचे सरदार बळवंतराव मेहेंदळेही त्याच महिन्यात एका चकमकीत गेले. हिशेबात पुण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता त्या माणसापुढे जमेची बाजू रिकामी ठेवलेली वही, मला विचाराल तर यापेक्षा भारी ट्रॅजेडी दुसरी नाही. पण ही दाखवायला हत्ती लागत नाहीत, ड्रोन लागत नाही, एक तंबू, एक कारकून आणि एक समई पुरते. मग शंभर कोटींचं करायचं काय? तेव्हा हे अडीच महिने एका मोंटाजमध्ये उडवा, वर शंखनाद टाका.

आणि त्याच डिसेंबरच्या शेवटी, इकडे माणसं दाण्याला महाग झालेली असताना, तिकडे नानासाहेब पेशवे पैठणला बोहल्यावर उभे होते. दुसरं लग्न. खरंच. कपोलकल्पित रोमान्स लिहायला मुंबईत माणसं बसवता आणि खरोखरचं लग्न, मुहूर्त आणि वाजंत्र्यांसकट, कागदावर पडलंय ते कुणी उचलत नाही! तुम्हीही उचलू नका. दोन सीन शेजारी शेजारी लावले, इथे अक्षता तिथे उपास, तर लोक थिएटरमधून बाहेर येऊन भलतेच प्रश्न विचारतील, आणि मग दोष कुणाला द्यायचा ही पंचाईत.

दोषावरून आठवलं. पराभवाला फितुरी लागते, नुसत्या भुकेने हरलो म्हटलं की पोस्टर बनत नाही. २०१९ च्या पिक्चरच्या तर नावाखालीच ‘द ग्रेट बिट्रेयल’ लिहिलेलं होतं. फितूर शोधताना मात्र शक्यतो असा निवडा ज्याच्या नावाने आज कुठे निवडणूक होत नाही. त्या पिक्चरवाल्यांनी भरतपूरचा राजा सूरजमल जाट याला आग्र्याचा किल्ला मागताना दाखवलं, राजस्थानात आंदोलनं पेटली, शो बंद पडले, शेवटी कात्री चालवावी लागली. बरं, पानिपतावरून जखमी, उपाशी, नागवलेले मराठे जेव्हा परत फिरले तेव्हा त्यांना अन्नवस्त्र दिलं कुणी, तर याच सूरजमलने. मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमांनी मेला तो त्याच्याच मुलखात. म्हणजे एका पिक्चरची नाळ दुसऱ्या पिक्चरला तिथे आपोआप जोडली जात होती, मार्व्हलवाले अशा संधीसाठी जीव टाकतात.

लढाईच्या दिवशी काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको. बुधवार, १४ जानेवारी १७६१, पण उन्हाळ्यात शूट करा, धूळ छान उडते. आदल्या दिवशी लोक भाऊच्या तंबूशी आले, दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणाले, होतं नव्हतं ते धान्य वाटलं आणि पहाटे तोंडाला हळद फासून निघाले असं काशिराज लिहितो. तो अवधचा नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, समोरच्या गोटात. या काशिराजालाच भाऊने शेवटचा कागद धाडला, प्याला काठोकाठ भरलाय, आता थेंबही मावत नाही, अशा अर्थाचा. असा डायलॉग फुकट मिळत असताना तुम्ही मात्र तो घेऊ नका, हिरोला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत ‘आई’ आणि ‘माती’ हे दोन शब्द असलेलं काहीतरी ओरडू द्या. हळद घ्या हवी तर, कलर ग्रेडिंगला बरी पडते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी डाव्या बाजूला रोहिल्यांची दाणादाण केली, त्याला दीड मिनिट द्या, जास्त दिलंत तर एवढा मुसलमान आपल्या बाजूने शेवटपर्यंत लढला म्हणजे नेमकं काय, असा गोंधळ उडेल. पेशव्यांच्या मुलाला, विश्वासरावाला गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, अंबारी रिकामी दिसली, फौज फुटली. एवढं सगळं स्लो मोशनमध्ये घ्या, अर्धा तास सहज निघतो.

हिरॉईनच्या हातात शेवटी तलवार द्यायला विसरू नका, नाहीतर तुम्हाला मागासलेले म्हणतील. खऱ्या पार्वतीबाई त्या गर्दीतून वाचल्या त्या जानू भिंताडा नावाच्या इमानी माणसामुळे. पण साइड कॅरेक्टरने हिरॉईन वाचवली असं होत नसतं. पुण्याला आल्यावर, नवरा गेला हे त्यांनी मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही, पुढची कितीतरी वर्षं सौभाग्यवती म्हणून राहिल्या, आणि त्यातच एक माणूस उगवला, मीच भाऊ म्हणणारा. तोतया. लोकांनी त्याला मानलं, त्याच्यामागे फौज उभी राहिली, किल्ले त्याच्याकडे गेले, पेशवाई हादरली. ही खरी लव्ह स्टोरी, बायको वाड्यात वाट बघतेय आणि बाहेर नवऱ्याच्या नावाचा माणूस फिरतोय, आणि तिला अख्ख्या दरबारादेखत काय वाटत असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. हे पहिल्या पिक्चरमध्ये घालू नका. शेवटी एका पाटीवर दोन ओळीत आटपा आणि राइट्स ठेवून द्या, सीक्वेलला येईल, डबल रोल आहे, हिरो तर एका पायावर तयार होईल. फक्त तोतयाला १७७६ साली देहदंड झाला तेवढं बदला, तिसऱ्या भागाला कुणीतरी उरलं पाहिजे.