नवव्या महिन्यात हालचाल कमी होत नाही

गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळाची हालचाल मंदावते’ हे वाक्य कृपया बदला. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांपेक्षा वळणं-सरकणं जास्त जाणवतं. ती कमी होता कामा नये. कमी वाटली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठावा.

आणि मुहूर्त बघून आधीच सिझर करायची घाई तर नकोच! ३५व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतं. फुफ्फुसं मिटू न देणारा स्रावही शेवटच्या आठवड्यांतच पुरेसा तयार होतो. ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही’ असं अजून घराघरांत म्हणतात, तेही साफ चूक. डॉक्टरांनी वैद्यकीय कारण सांगितलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर ३९ आठवडे भरू द्या, ही कळकळीची विनंती.